शेवंताबाईंची हजेरी

दर अर्ध्या मिनिटाला शेवंता परीक्षे नावाची परिचारिका तळहात पुढे करी, ओळख-सर्व्हर तिला आत घेई आणि अमरावतीच्या देखरेख कक्षातील भिंतीवर हिरवा दिवा तेवत राही. शेवंताबाई प्रत्यक्षात नव्हत्याच. मेळघाटातील उपकेंद्रांची औषधकपाटे परिचारिकेच्या तळहातातील शिरांची ओळख पटल्यावरच उघडू लागली, तेव्हा ती ओळख पटवणारा सर्व्हर जागा आहे ना, हे सतत तपासण्यासाठी कक्षप्रमुख इंगोले साहेबांनी हे खोटे माणूस घडवले होते. तिच्या हजेरीचा हिरवा दिवा प्रत्येक कपाटावरही दिसे आणि कक्षात तिचा वाढदिवसही साजरा होई.

मंगळवारी दुपारी कक्षातील तंत्रज्ञ शलाका देशभ्रतारने फोन उचलला. बोरदाही उपकेंद्रातून फुलवंती कासदेकर सिस्टर बोलत होत्या.

"मॅडम, कपाट उघडून नाही राहिलं. रुख्माबाईला घोणस चावली, अर्धा तास झाला. सापाची लस आत आहे."

शलाकाने भिंतीकडे पाहिले. "सर्व्हर तर सुरू आहे, सिस्टर. हात पुसून पुन्हा ठेवता का?"

"चारदा ठेवला. हात माझाच आहे, मॅडम. तुमचा दिवाच तपासा."

पलीकडे कोणीतरी कण्हत होते. रुग्णालय घाटातून दोन तासांवर होते आणि ते पोलादी कपाट कोयत्याने फुटणारे नव्हते.

"शेवंता आत्ताच आत गेली," इंगोले साहेब खुर्चीतूनच म्हणाले. "त्या सिस्टरचाच हात ओला असन."

"शेवंताला किती वेळात उत्तर मिळालं, साहेब?"

"दोन मिलिसेकंद. वाघीण आहे आपली."

शलाका थबकली. परिचारिकांची मुख्य नोंदवही उघडून तिच्यातील शिरांचा नकाशा ताडून पाहायचा, तर किमान दोनशे मिलिसेकंद लागायला हवेत. म्हणजे सर्व्हर नोंदवही उघडतच नव्हता. रोजच्या माणसाला पहारेकरी मान वर न करता सोडतो, तसा तो शेवंताबाईंना नुसत्या स्मरणातून होकार देत होता. नोंदवहीशी त्याचा दुवा तुटला, तरी या एका बाईला त्याची झळ लागणार नव्हती; खऱ्या सिस्टरांचे हात मात्र नाकारले जाणार होते.

"शेवंताला ओळखण्यात सर्व्हरची परीक्षाच होत नाही, साहेब. त्याला तिचा विसर पाडायला हवा."

इंगोले साहेब खुर्चीतून उठून तिच्या पडद्यापाशी आले. "ते स्मरण मीच ठेवलं होतं. सर्व्हरवर ताण नको म्हणून." मग हलकेच म्हणाले, "पूस."

शलाकाने स्मरण पुसले. पुढच्या फेरीला शेवंताबाईंनी हात पुढे केला आणि उत्तर आले नाही. तीन वर्षांत प्रथमच दिवा लाल झाला. साऱ्या यंत्रणेला याच इशाऱ्याची प्रतीक्षा होती. काही सेकंदांत ओळख पटवण्याचे काम आपोआप नागपूरच्या राखीव सर्व्हरकडे गेले.

शलाकाने सिस्टरांना पुन्हा हात ठेवायला सांगितले आणि फोनमधून कुलूप सरकल्याचा आवाज आला.

"उघडलं," सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर काचेच्या कुप्यांची किणकिण तेवढी ऐकू येत राहिली.

दीड तासाने त्यांचा पुन्हा फोन आला. रुख्माबाई बोलू लागल्या होत्या, चहा मागत होत्या आणि रुग्णालयात नेणाऱ्या गाडीत आडवे पडून जायला नकार देत होत्या. कक्षात टाळ्या वाजल्या. इंगोले साहेबांनी शलाकाला स्वतःच्या खुर्चीवर बसवले.

"आजपासून दर फेरीला नवं माणूस," ते म्हणाले, "अन् सोबत एक तोतया. तोतयाला हाकललं, तरच हिरवा दिवा. लिही तूच."

लिहिण्याआधी शलाकाने नकारांची यादी उघडली. त्या तासाभरात नऊ उपकेंद्रांतील हात नाकारले गेले होते. फोन मात्र एकच आला होता. एका सिस्टरने सात वेळा प्रयत्न केला होता. शलाकाने त्यांना फोन लावला.

"तुम्ही कळवलं का नाही, सिस्टर?"

"कपाटावर हिरवा दिवा होता ना, मॅडम. मला वाटलं, शेतातल्या निंदणीनं माझाच हात बिघडला. दरवेळी साबणानं धुऊन ठेवत होते." थोडे थांबून त्यांनी विचारले, "दिवा खोटं बोलतो, हे आम्ही कशावरून ओळखायचं?"