शिखर बोलतेय

घाटातल्या अवघड वळणावर जीपच्या टपावरची दोरी तुटली, आणि लांबलचक अँटेना रुसून बसलेल्या जावयासारखी रस्त्यात आडवी पडली.

टॉवरवाली टपावर पालथी होऊन नवी गाठ मारत होती. खालून मामांनी एक टोक कसंबसं उचलून धरलं होतं. हे मामा कुणाचेच मामा नव्हते, पण टॉवर उभारण्यात हयात गेलेल्या या माणसाला सगळे मामाच म्हणत. तेवढ्यात मागून एक अँब्युलन्स आली.

"हॉर्न वाजवू नका हं!" ती वळून न बघताच ओरडली. "हात सुटेल माझा!"

हॉर्न वाजला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, आणि अँटेनाचं दुसरं टोक अलगद वर आलं. तिनं मान वळवली. खाली एक उंच तरुण उभा होता. भुरभुर पाऊस त्याच्या पापण्यांवर साचत होता आणि दोन्ही हात अडकल्यामुळे त्याला तो पुसताही येत नव्हता.

"आत पेशंट आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग घाई आहे?"

"नाही."

"तुम्हाला शब्द रेशनवर मिळतात वाटतं!"

मामा खो खो हसले. तरुण हसला नाही, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. गाठ पक्की बसल्यावर तो गाडीकडे निघाला... आणि थांबला.

"हे... कशासाठी आहे?"

"रिपीटरची अँटेना. डोंगरावर बसवणार. अलीकडचं बोलणं पलीकडे पोचावं म्हणून."

"पलीकडे... ऐकू येईल?"

त्या प्रश्नात असं काही होतं की तिच्या ओठांवर आलेली चेष्टा तिथेच विरली.

"येईल," ती म्हणाली. "मी बसवतेय ना!"

त्या 'ऐकू येईल?'चा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. खोऱ्यातल्या रुग्णालयाची वायरलेसची खोली त्याच्या आत्या सांभाळत. आईवेगळ्या भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं. त्यांनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. डोंगर ओलांडला की अँब्युलन्सचा वायरलेस मुका होई. पलीकडच्या वस्त्यांना मोबाइलची रेंज नव्हतीच. गेल्या पावसाळ्यात तो एका आजोबांना घेऊन येत होता आणि पुढे दरड कोसळली होती. इथे सगळ्यांना ठाऊक, फक्त त्यालाच नाही. तो दरडीपर्यंत आला, मागे फिरला, लांबच्या वाटेनं निघाला... आजोबा वाटेतच गेले.

"तेव्हापासून आणखीच गप्प झालाय," आत्या म्हणाल्या. "आता मोठे डॉक्टर म्हणतात, यंदा पाऊस जोर धरायच्या आत संपर्क झाला नाही, तर इथली गाडी शहरात हलवायची. गाडी गेली की तोही जाईल."

"रिपीटर होईल, आत्या."

"तो असतो तरी कसा गं?"

"तुमच्यासारखा!" तिचे डोळे चमकले. "एका कानानं ऐकतो आणि तत्क्षणी दुप्पट आवाजात सगळ्यांना सांगतो."

"अगं कार्टे!" आत्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

टॉवर उभा राहिला. टोकावर अँटेना चढली, तिथून जाड काळी केबल टॉवरच्या अंगानं खाली केबिनमधल्या यंत्रापर्यंत आली. मग चाचणी सुरू झाली. अँब्युलन्सनं पलीकडचा सगळा रस्ता फिरायचा, आणि तिनं डोंगरावर बसून आवाज कुठे खणखणीत येतो, कुठे फाटतो, ते टिपायचं. गाडीचं हाकेचं नाव 'सारथी' होतं. तिचं नाव आत्यांनीच ठेवलं – 'शिखर'.

"सारथी, शिखर बोलतेय. तुम्ही बोलत राहायचं. थांबलात तर मला काही मोजता येणार नाही."

"काय बोलू?"

"काहीही! दिसेल ते सांगा."

खरखरीतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग –

"उजवीकडे ओढा आहे. पाणी चहासारखं झालंय. एक म्हातारी बकरी रस्त्यात बसलीये, उठायचं नाव नाही. तिला वाटतंय, रस्ता तिच्या बापाचा आहे."

ती फिसकन हसली. "पुढे?"

"पुढे चिंच आहे. लहानपणी तिच्यावरून पडलो होतो. हात मोडला माझा, आणि रडली आत्या..."

शब्द रेशनवर घेणारा हाच का तो? समोर कुणी नसलं की त्याच्या जिभेवरचं कुलूप गळून पडे. त्याला वळणांची टोपणनावं माहीत होती, कुठल्या घरातली आजी गाडीला हात करते ते माहीत होतं. आणि हे सगळं तो असं सांगे की डोंगरावर बसलेल्या तिला ओल्या मातीचा वास येई. काम चाचणीचं होतं, पण एका वळणावर आवाज खणखणीत येत असूनही ती म्हणाली, "जरा फाटतोय... पुन्हा सांगा बरं, ते काजव्यांचं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. "फाटतोय म्हणे! मला इथवर ऐकू येतोय."

संध्याकाळी तो रुग्णालयाच्या आवारात भेटे तेव्हा मात्र – "झालं?" "झालं." आणि लाल कान. तिला त्या कानांची सवय होत चालली होती.

मोठे डॉक्टर परीक्षा घ्यायला आले त्या सकाळी मुसळधार पाऊस लागला. आत्यांनी सेट उचलला, डोंगरापलीकडे उभ्या असलेल्या सारथीला हाक मारली... आणि यंत्रातून नुसती फसफस आली. पुन्हा हाक. पुन्हा फसफस. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. उठताना ते हळूच म्हणाले, "कोरड्या दिवसांत चालणारं यंत्र माझ्या काय कामाचं, बाळ?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ते गालावर यायच्या आत ती डोंगराच्या वाटेला लागली होती.

वर पोचल्यावर मीटरचा काटा पाहिला आणि तिला दोष उमगला. यंत्र जोर लावत होतं, पण तो जोर अँटेनापर्यंत न जाता माघारी येत होता. केबल! वाऱ्यानं हेलकावे खात ती टॉवरच्या एका धारदार कडेवर घासली होती आणि तिची साल सोलून निघाली होती. तिनं सुरीनं केबल कापली. आतून पाण्याची धार लागली.

"पाणी प्यालीये बया," मामा म्हणाले. "नवीच टाकायला हवी."

नवं वेटोळं खाली रुग्णालयात होतं, आणि चिखलात जीप वर चढेना. तिनं सेटवरून आत्यांना सांगितलं. हातातला छोटा सेट रुग्णालयापर्यंत तेवढा पोचत असे. हाक न आल्यानं तो गाडी घेऊन एव्हाना रुग्णालयात परतला होता; थोड्याच वेळात पायवाटेवर तो दिसला. खांद्यावर जड वेटोळं, गुडघ्यापर्यंत चिखल, छाती भात्यासारखी वरखाली होत असलेली.

"एकट्यानं आणलंत?"

"हं."

केबलच्या टोकाला कनेक्टर बसवायचा होता, आणि तिथे पाण्याचा एक थेंबही लागून चालणार नव्हता. केबिनचं छप्पर गळत होतं. त्यानं आपला रेनकोट काढला आणि तिच्या हातांवर तंबूसारखा धरला. त्या छोट्या तंबूत तिची बोटं काम करत होती; त्याचा श्वास तिच्या कपाळावरच्या बटांना लागत होता. एकदा तिनं वर पाहिलं, त्यानंही पाहिलं... आणि बोटं क्षणभर काम विसरली.

"सारथी!" आत्यांचा आवाज आला. "पलीकडच्या वस्तीतून माणूस आलाय मोटारसायकलवर. बाळंतीण अडलीये! सिस्टर गाडीत बसल्यात, लवकर ये!"

त्यानं रेनकोट तिच्या खांद्यांवर टाकला आणि उतारावरून धावत सुटला.

तो डोंगरापलीकडे गेला, आणि थोड्याच वेळात आत्यांची घाबरी हाक आली. "शिखर! ओढ्याचा पूल पाण्याखाली गेलाय गं, आत्ताच तिकडून एक जण सांगत आला! तो त्याच वाटेनं परत येईल... धुकंही उतरलंय. त्याला कोण सांगणार?"

विजा नव्हत्या, एवढी खात्री करून मामांनी तिला चढू दिलं. कमरेला पट्टा, खांद्याला केबलचं टोक, पट्ट्यात सेट. वारा अंगाला झोंबत होता. टोकावर पोचून तिनं कनेक्टर फिरवायला घेतला, तोच पट्ट्यातला सेट खरखरला. एवढ्या उंचीवर पलीकडचा आवाज येत होता!

"...कंट्रोल, सारथी बोलतोय. बाळंतीण गाडीत घेतलीये. पुलाकडे निघालो. ऐकू येतंय का?"

"सारथी! पुलाकडे जाऊ नका! सारथी!"

उत्तर नाही. गाडीतल्या सेटचा जोर मोठा, म्हणून त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचत होता. तिच्या चिमुकल्या सेटचा मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. ती कनेक्टर आवळू लागली. बोटं बधिर झाली होती.

पुन्हा आवाज आला. या वेळी हळू, जणू स्वतःशीच.

"शिखर... तुम्हाला ऐकू येत नाहीये, म्हणून बोलतोय. समोर आलात की मला जमत नाही. गाडी शहरात गेली तरी मी जाणार नाही, असं ठरवलं होतं. पण तुमचं काम झालं की तुम्हीच जाल... तर मी काय करू? माझ्याशी लग्न कराल का, एवढंच विचारायचं होतं. सिस्टर, हसू नका. पेशंटकडे बघा."

टॉवरच्या टोकावर, पावसात, तिच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं जोडावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, तळहातानं दाबली आणि खाली ओरडली, "मामा! चालू करा!"

खाली केबिनमध्ये खटका पडला.

"सारथी, सारथी, शिखर बोलतेय! पूल पाण्याखाली आहे. थांबा!"

तिनं सेट कानाशी घट्ट धरला.

"शिखर?" त्याचा आवाज थरथरला. "शिखर... खणखणीत ऐकू येतंय! थांबलो. पाणी समोरच दिसतंय."

पुढचं सगळं धडाधड झालं. आत्यांनी त्याला खाणीचा रस्ता सांगितला. पण बाळाला तेवढा धीर नव्हता. खाणीजवळ गाडी थांबली, मोठ्या डॉक्टरांनी आत्यांच्या हातून सेट घेतला, आणि त्यांचा शांत आवाज डोंगर चढून, रिपीटरमधून उतरून सिस्टरच्या कानी पडू लागला. "घाबरू नका. डोकं दिसतंय? आता असं करा..." ती टॉवरवरून उतरून केबिनच्या दारात बसली होती. मामांनी तिचा गार हात हातात धरून ठेवला होता.

आणि मग पलीकडून एक बारीक, चिडका, ठणठणीत टाहो आला.

रुग्णालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या रडत रडत "मुलगा की मुलगी?" विचारत होत्या. मामांनी टोपी आभाळात उडवली. डॉक्टर खाकरून म्हणाले, "शिखर, तुमचं यंत्र पास! गाडी इथून कुठेही जाणार नाही."

चिखलानं माखलेली ती आवारात पोचली तेव्हा बाळंतीण आत सुखरूप होती, मुलगी झाली होती, आणि तो अँब्युलन्सला टेकून उभा होता. पाऊस थांबला होता. पागोळ्या तेवढ्या टपटपत होत्या.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि – हो."

"हो... काय?"

"विचारलंत त्याचं उत्तर."

"मी कुठे काही..." तो थबकला. कान भराभर लाल होत गेले. "तुम्ही... ऐकलंत?"

"सगळं. टॉवरच्या टोकावरून. सिस्टर हसल्या तेही कळलं."

तो खाली बघू लागला. तिनं वाट पाहिली. आज तिला कसलीच घाई नव्हती. अखेर त्यानं मान वर केली आणि थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग समोरासमोर विचारतो," तो म्हणाला. आवाज आधी अडखळला, मग सावरला, मग भरून आला. "कराल माझ्याशी लग्न? तुमचे टॉवर जिथे असतील तिथे मी गाडी घेऊन येईन. रोज बोलेन. तुम्ही 'पुरे' म्हणेपर्यंत बोलेन..."

"पुरे म्हणणार कोण आहे इथे!" ती म्हणाली, आणि चिखलाच्या हातांनीच तिनं त्याचे हात घट्ट धरले.

वायरलेसच्या खोलीची खिडकी धाडकन उघडली, आणि आत्यांनी ती बातमी दुप्पट आवाजात अवघ्या आवाराला सांगून टाकली.