दोन सह्यांचा कोळसा

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये तो विजयमालाच्या शेजारी येऊन बसला. बाहेर पौषातला अवकाळी, बारीक पाऊस… आणि त्याच्या मांडीवर लोखंडी चाळणी!

"चाळण्या विकता काय जी?" तिनं विचारलं.

"विकत नाही, कोळसा चाळतो. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर कोळसा तपासाचं ऑफिस कुठी आहे, माहीत आहे तुम्हाले?"

ती हसली… खूप दिवसांनी. "माहीत आहे नं. चावी माझ्यापाशीच आहे."

१९८६ साल होतं ते. खाणींचा कोळसा पांढुर्ण्यावरून नागपूरकडच्या वीजघराला जाई. त्यात दगड किती, यावरून खाण कंपनी आणि वीजघर सतत भांडत. शेवटी ठरलं, की दोघांच्या माणसांनी मिळून नमुना घ्यायचा, मिळून सही करायची. खाणीकडून विजयमाला आली. वीजघराचा माणूस चार महिने आलाच नाही. तिची एकटीची सही कोणी मानत नसे. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत स्टोव्हच्या आवाजाखेरीज काही ऐकू यायचं नाही.

आणि आता हा सुखदेव आला होता. दोघं मिळून कोळसा फोडत, चाळत, ढीग वाटून घेत.

"तुमच्या कपाळाले काळं लागलं," एकदा तो म्हणाला.

"कुठी?"

"राहू द्या… तीट वाटून राहिली."

ती वळून उभी राहिली. पुसलं मात्र नाही.

फेब्रुवारीत एक गाडी आली, अर्धे डबे दगडमातीचे. सकाळीच खाणीच्या साहेबांची चिठ्ठी आली होती: नमुना चांगल्याच डब्यांतला घ्यायचा. विजयमालाची नोकरी अजून कच्ची होती, आणि सौंसरला आई तिच्याच पगारावर होती. तिनं चिठ्ठी मुकाट्यानं सुखदेवपुढे ठेवली.

त्यानं ती वाचून तिची घडी घातली. मग म्हणाला, "आणा कागद. तुम्ही म्हणाल तसं लिहू. मी सही करतो."

"कायले?"

"तुमच्यासाठी…"

तिचे डोळे भरून आले. हातोडी उचलून ती सगळ्यात वाईट डब्याच्या शिडीवर चढली. वरून म्हणाली, "माझ्यासाठीच करता नं? मग खरं लिहा."

दोन सह्यांचा तो कागद गेला. साहेब भडकले, पण दोन्ही ऑफिसं पहिल्यांदा समोरासमोर बसली. दगड खाणीवरच वेचायचे, तपासही तिथेच करायचा, असं ठरलं. तिची नोकरी टिकली. पांढुर्ण्याचं ऑफिस मात्र बंद झालं. तिला परासियाच्या खाणीवर जायचं होतं, त्याला परत वीजघरात.

मार्चच्या दुपारी ती त्याला स्टेशनावर सोडायला आली. फलाटावर तिसरं कोणी नव्हतं.

"सौंसरले येऊन तुमच्या आईले विचारू काय?" खिडकीतून तो म्हणाला.

"आईले काय विचारता? मले विचारा."

"मग… विचारून राहिलो."

शिट्टी झाली. डबा हलला. ती त्याच्याबरोबर चार पावलं चालली. "बुद्ध पौर्णिमेले या!" ती ओरडली. "मी घरी राहीन… या नक्की!"

गाडी गेली. रूळ रिकामे झाले. पौर्णिमेला अजून दोन महिने होते. विजयमाला फलाटावरच्या बाकड्यावर बसली आणि तोंड न झाकता, मोकळेपणी रडली.