समोरून धरायचा रेझर

अण्णांची दाढी करणं गेले आठ महिने माझ्याकडे होतं. अर्धांगानं माझ्या वडिलांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. उरले ते 'हं', 'नको', आणि माझी बायको दिसली की 'चहा'. एवढ्यावर आमचं घर चालत होतं. प्लॅस्टिकचे रेझर मात्र त्यांच्या सैल कातडीत अडकायचे आणि कुठं ना कुठं रक्त निघायचंच. अण्णा डोळे मिटून सोसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून रविवारच्या जुन्या बाजारात, कुलपं आणि गंजलेल्या कात्र्यांच्या ढिगात तो सेफ्टी रेझर दिसला तेव्हा मी लगेच उचलला. पितळेचा, वर निकेलचा मुलामा, तीन भागांत सुटणारा. चांगलाच जड. विकणाऱ्या बाईला विचारलं, तर कुणीतरी घर रिकामं केलं त्यात आला, एवढंच तिला आठवत होतं.

मी कारखान्याच्या मापनखोलीत काम करतो. सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे तपासायचं आणि शिक्का मारायचा. त्यामुळे वस्तूवर नाव नाही, नंबर नाही, म्हणजे मला चैन पडत नाही. भिंगाखाली धरून मी त्या रेझरचा कोपरा न् कोपरा पाहिला. एकही खूण नव्हती. मग आमच्या टर्नरला दाखवला. त्याला सगळे सूतभर म्हणतात, कारण कुठलाही भाग हातात घेतला की तो 'सूतभर कमी आहे' म्हणतो. त्या दिवशी तो तसं म्हणाला नाही. त्यानं मुठीचे आटे मोजले, तक्ते काढून पुन्हा मोजले, आणि हे आटे कुठल्याच तक्त्यात नाहीत असं सांगितलं. कुणीतरी लेथवर बसून हा एकच नग काढला होता. स्वतःच्या हातासाठी.

तो हात कसा असेल, हे झिजेवरून कळायला हवं होतं. मुठीवरची खरखरीत नक्षी दोन जागी पार गुळगुळीत झाली होती. मी त्या जागी बोटं ठेवून रेझर स्वतःच्या गालाला लावायचा प्रयत्न केला, पण मनगट उलटं वळायचं. कसाही धरला तरी बसेना.

आमच्या गल्लीत एक म्हातारे न्हावी राहतात. दुकान केव्हाच बंद केलंय. त्यांनी रेझर घेतला, माझ्यासमोर उभे राहिले आणि हात माझ्या गालाजवळ आणला. बोटं चपखल बसली.

"आरशात बघून स्वतःची करणाऱ्याचा नाही हा," ते म्हणाले. "समोर उभं राहून दुसऱ्याची करणाऱ्याचा आहे."

म्हणजे तुमच्याच धंद्यातला कुणीतरी, असं मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. रेझरच्या डोक्यावरच्या पट्टीची झीज दाखवली, एकाच कडेला, वरून खाली दाबल्यासारखी.

"आमचं गिऱ्हाईक खुर्चीत बसतं. यानं आडव्या माणसांची केलीय. सगळं आयुष्य."

त्यांनी रेझर माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि तळवा विजारीला पुसला.

मी मनाशी ठरवलं, हॉस्पिटलातला कुणी वॉर्डबॉय असणार. ओळख पटली, विषय संपला. घरी येऊन रेझर उकळत्या पाण्यात घातला, नवं पातं बसवलं.

पहिल्याच दिवशी अण्णांना एक ओरखडा आला नाही. हनुवटीखाली मी नेहमी अडायचो, तिथंही रेझर लोण्यातून गेल्यासारखा गेला. माझी बायको कौतुकानं बघत होती. तिच्या लक्षात एक गोष्ट आली. मी सांगायच्या आधीच अण्णा मान वळवत होते.

आठवड्याभरात मलाही ते दिसू लागलं. मी डाव्या गालाशी असायचो आणि अण्णा हनुवटी वर करायचे, वरचा ओठ ताणून धरायचे. ते माझ्या हाताबरोबर नव्हते. दुसऱ्याच कुणाच्या तरी क्रमानं चालले होते.

मग एका सकाळी मी मोरीत साबणाचा फेस करत होतो. ब्रश घेऊन खोलीत आलो तर अण्णा डोळे मिटून मान डावीकडे, उजवीकडे वळवत होते. हनुवटी वर. ओठ ताणलेला. चेहरा गुळगुळीत.

रेझर कपाटात होता, कोरडा. बायको स्वयंपाकघरातून हलली नव्हती.

"हलका हात," अण्णा म्हणाले. आठ महिन्यांतले पहिले नवे शब्द.

मी त्याच दिवशी रेझर कारखान्यात नेला, तीन भाग सुटे केले आणि आमच्या ओतशाळेत पितळ वितळवायच्या मुशीत टाकले. वितळेपर्यंत तिथून हललो नाही. सूतभर शेजारी उभा होता.

पुन्हा प्लॅस्टिकचे रेझर आले. पुन्हा रक्त. अण्णा आता सोसत नव्हते. मला पाहिलं की तोंड भिंतीकडे फिरवायचे आणि 'नको' म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपण त्यांचं काय हिरावून घेतलं, हा विचार मला कामावरही सोडत नव्हता. तीन आठवडे असे गेले.

गेल्या शनिवारी बायको तिच्या बहिणीकडे राहायला गेली. घरात आम्ही दोघंच. रविवारी मी जरा उशिरा उठलो. दाराची कडी आतून लावलेली होती. गिझर अजून सुरू केला नव्हता.

अण्णांच्या खोलीत ऊन आलं होतं. त्यांचा चेहरा स्वच्छ होता. आदल्या दिवशीचे माझे ओरखडेसुद्धा दिसत नव्हते.

ते भिंतीकडे सरकलेले होते. त्यांची कूसही आम्हीच बदलून द्यायचो.

डाव्या हातानं त्यांनी गादीच्या मोकळ्या अर्ध्या भागावर थोपटलं.

"ये," ते स्पष्ट म्हणाले. "तुझीही करतो म्हणतोय."

मी पलंगाजवळ गेलो. मोकळ्या बाजूच्या उशीवर टॉवेल अंथरलेला होता, दोन्ही कडा खाली नीट खोचलेल्या. एका हाताचं ते काम नव्हतं.

मी हात लावून पाहिला. टॉवेल कोमट होता.