परक्या मुद्रकाचा जोडक

चांद्रतळावरचा त्रिमिती मुद्रक सकाळीच कायमचा बंद पडला, आणि तासाभरात चाळीस किलोमीटरवरच्या गाडीतून भूगर्भतज्ज्ञ याकूब मुलाणीचा संदेश आला. त्याच्या हवेच्या यंत्राची झडप फुटली होती. हवा सहा तासांची. नवी झडप नेऊन द्यायला दोन तास लागणार होते, पण आधी ती छापायला तर हवी.

शेजारच्या परदेशी तळाने जाताना मागे ठेवलेला मुद्रक कोपऱ्यात पडून होता. अभियंता हेमांगी शेवाळेने त्याचं आवरण ओढून काढलं.

"तो आपल्या संगणकाला दारात उभं करणार नाही," तळप्रमुख खोपकर म्हणाले. "त्याला त्याचाच संगणक लागतो."

"म्हणून तर मध्ये हा जोडक बसवतेय, सर. साधा अडॅप्टर नुसती भाषा बदलतो. हा मुद्रकाला सांगतो, मी तुझाच संगणक. आणि संगणकाला सांगतो, मी तुझाच जुना मुद्रक."

"म्हणजे दोन्हीकडे थापा."

"पटतील अशा थापा."

हेमांगीचा आपल्या हातांवर भरवसा होता, आणि तो उगाच नव्हता. चाळीस मिनिटांत झडप तयार झाली. माप तपासायच्या साच्यात घालून पाहिली तर बसेना. केसभर मोठी होती. मुद्रक तपासला, तो अगदी अचूक होता. आराखडाही बिनचूक. धातूची भुकटी आता एकाच झडपेपुरती उरली होती. हेमांगी खोपकरांकडे वळली.

"सर, आपला संगणक जुन्या मुद्रकाला आराखडा जसाच्या तसा पाठवायचा?"

खोपकरांचा चेहरा उतरला. "तो मुद्रक सगळं केसभर लहान छापायचा. आठ वर्षांपूर्वी मीच संगणकाला शिकवलं, त्याला माप वाढवून देत जा. नोंद केली नाही, आणि नंतर विसरलो."

हेमांगीने जोडक उघडला. मुद्रकाला सांगायची थाप तशीच ठेवली, संगणकाला सांगायची पुसली. पडद्यावर प्रश्न आला : मुद्रक अनोळखी आहे. आराखडा जसाच्या तसा पाठवू?

"पाठव," ती म्हणाली.

दुसरी झडप साच्यात अलगद बसली. ती घेऊन खोपकर स्वतः निघाले. दोन तासांनी रेडिओवर याकूबचा दमलेला आवाज आला, "बसली गं. हवा सुरू झाली."

त्याच्या मागून रेडिओवरच खोपकर म्हणाले, "हेमांगी, आता तो मुद्रक आपला म्हणून नोंदवून टाक."

"नको सर," ती म्हणाली. "परकाच राहू दे त्याला. परक्यालाच आपण खरं माप सांगतो."