समितीतला पहिला प्रश्न

बंगळूरला कोरमंगलाच्या त्या हॉटेलात बसायला जागा नाही. उभ्यानंच कॉफी प्यायची. स्मृती फोनवर भावाला सांगत होती, "अण्णा, स्वल्प थांब, येतेच मी."

समोरचा तरुण हसला. "तुम्ही मराठी?"

"हो, पण आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपासून इथलंच. आणि तुम्ही?"

"नागपूरचा. दोन वर्षं झाली."

"म्हणजे पाहुणे! मग आजची कॉफी माझ्याकडून."

त्याचं नाव मल्हार. मिठापासून स्वस्त बॅटरी करता येईल असा पदार्थ त्याच्या एआयनं शोधला होता. आणि ती अशा एआयची तपासणी करणाऱ्या सरकारी समितीत! रोज संध्याकाळी त्याच टेबलापाशी भांडण ठरलेलं.

"तुमची तपासणी होईपर्यंत दुसरा देश पुढे जाईल," तो म्हणे.

"जो औषध शोधतो, तो विषही शोधेल. बघायला नको?"

"आधी मला बघा ना..."

ती पेल्यात बघायची. कान मात्र लाल व्हायचे.

मग त्याचा अर्ज तिच्याच समितीपुढे आला.

"मल्हार, मला समितीला सांगावं लागेल — आपलं."

"सांगितलंस तर तुला काढतील. नवा माणूस, तपासणी पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी महिने जातील गं! मंजुरी होऊ दे, मग सगळ्या बंगळूरला सांग." त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवला नाही. पण हो सुद्धा म्हणाली नाही.

बैठकीच्या सुरुवातीला अध्यक्ष दोन्ही बाजूंना तोंडीच विचारत. "इथल्या कुणाशी तुमची ओळख?"

"नाही," मल्हार म्हणाला. "मॅडमना तर आज प्रथमच पाहतोय."

किती सहज...

"स्मृती, तुमची?"

"आहे. माझं प्रेम आहे यांच्यावर. मला या कामातून मोकळं करा."



नव्या माणसानं सगळं पहिल्यापासून तपासलं. मंजुरी मिळाली, पण उशिरा. तोवर दुसऱ्या देशानं तसाच पदार्थ जाहीर केला होता.

त्या संध्याकाळी तो टेबलापाशी आला. "एक शब्द गिळला असतास, तर आज आपला देश पहिला असता. आणि आपणही..."

"गिळणारच होते रे. पण तू आधी बोललास."

"ते कामासाठी होतं!"

"ठाऊक आहे. म्हणून तर अडखळला नाहीस."

काउंटरवरच्या गुंडूअण्णांनी सवयीनं दोन पेले पुढे केले. "अक्का, दोघांची ना?"

"एकच द्या, अण्णा. मी यांना... मी यांना ओळखत नाही."

ती मात्र अडखळली.