मागच्या चाकातली हवा

डॉक्टरांनी माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघून सायकल चालवायला सांगितली, तेव्हा मला वडिलांची सायकल आठवली. ती कोरीटला, गावच्या घरी, आईच्या ओट्यावर भिंतीला टेकून उभी होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. वडिलांनी ती कधी दुकानात नेली नाही. पंक्चर, ब्रेक, चेन, सगळं घरीच. त्यांच्या हाताखाली मीही शिकलो होतो, म्हणून रविवारी पाने, नवे टायर आणि ट्यूब घेऊन नंदुरबारहून आलो.

सकाळ मजेत गेली. चेन डिझेलने धुतली, ब्रेकचे रबर बदलले. अंगणात मिरच्या वाळत होत्या, त्यांच्या तिखट वासाने शिंकून शिंकून हैराण झालो. पुढच्या चाकात हवा नावालाही नव्हती. मागचं दाबून पाहिलं, तर कडक.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. रबर कितीही चांगलं असलं तरी हवा झिरपतेच, हे मुलांना सांगून माझं तोंड दुखतं.

"माय, मांगला चाकमा हवा कोन भरस?" मी विचारलं.

आई आत भाकरी थापत होती. "तुन्हा बापनी भरेल शे. त्या चाकले हात नको लावू."

मला हसू आलं. शेजारचा भटू येता-जाता भरत असेल आणि म्हातारी त्याचंही श्रेय नवऱ्याला देत असेल. टायर तर जागोजागी चिरलेला होता, त्यावर बसलो असतो तर वाटेतच आपटलो असतो. आईशी वाद घालत बसण्यापेक्षा उरकून टाकू म्हणून मी व्हॉल्व्हचा नट फिरवला. तिचं एवढं ऐकलं असतं तर!

पिन उडाली आणि ओट्याखाली कुठेतरी पडली. दाबातून सुटलेली हवा थंड लागते. ही कोमट होती. ओलसरही. आणि ती एका दमात गेली नाही. थोडी यायची, थांबायची. पुन्हा यायची.

ही लय मला माहीत होती. दवाखान्यात वडिलांच्या खाटेशी बसून मी ती ऐकली होती. तेव्हाही मधलं थांबणं असंच लांबत गेलं होतं.

मी झटकन भोकावर अंगठा दाबला.

आई दारात उभी होती, हात पिठाचे. "सोडी दिधी का रे, नवनीत?"

ती रागावली नाही. शेजारी येऊन बसली आणि टायरवर तळवा ठेवला.

"रोज सकाळे हात लाईसन देखस मी. चाक कडक शे, म्हनजे ते आजून शेतस." मग जरा थांबून म्हणाली, "जाताना एक सबद बी बोलनात नही मन्हासंगे."

पंप आहे, पुन्हा भरू, असं मी म्हणणार होतो.

पण आई टायरवर वाकली. "नवनीत येल शे," तिनं हळूच सांगितलं.

आतापर्यंत अंगठ्याला बाहेर रेटणारी हवा उलटी फिरली. कातडी भोकात ओढली गेली. सावकाश, खोल. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो तशी.

"अंगठा काढ," आई म्हणाली. "त्यासले बोलू दे."

मी काढला नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. उलट त्यावर दुसरा अंगठा ठेवून जोर केला. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

खालून धक्के आले. एक लांब, एक तुटका, पुन्हा लांब. दाबून धरलेल्या तोंडातले शब्द तळहाताला लागावेत, तसे.

मग मंदावले.

आईच्या तळव्याखाली टायर मऊ पडला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आशा होती.

"तुन्हा हातले समजनं व्हई," ती म्हणाली. "काय बोलनात?"

माझे दोन्ही अंगठे अजून भोकावरच होते.