भिंगरीचा हात

हॉटेलातल्या वेटरांचे पांढरे कोट संध्याकाळपर्यंत पोचते करायचे होते. त्या दिवसाचं काम म्हणाल तर एवढंच. काजं झाली होती, थोडी बटणं लावायची होती, इस्त्री फिरवायची होती. शांतपणे बसलं तर दुपारच्या चहापर्यंत आटोपण्यासारखं. पण घरात दोन वर्षांचं मूल असलं की ‘शांतपणे बसलं तर’ हे नुसतं म्हणण्यापुरतं असतं.

त्या माणसाला सगळे मास्टर म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड होतं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन टाकून तो कपडे शिवायचा. बायको बस चालवायची. सकाळीच डेपोत गेली की दिवेलागणीला परत. त्यामुळे दिवसभर घर, मशीन आणि मुलगी, तिन्ही मास्टरच्या गळ्यात. मुलीचं नाव कागदोपत्री चांगलं लांबलचक होतं, पण घरात ती भिंगरी, कारण एका जागी म्हणून टिकायची नाही.

भिंगरीला त्या दिवसांत एकच शब्द पुरायचा. नको. जेवण नको, झोप नको, अंघोळ नको, आणि एकदा पाण्यात बसवली की बाहेर येणंही नको. चपला घालायच्या तर उलट्या पायांत. केळं सोलून दिलं तर अख्खं हवं, अख्खं दिलं तर सोललेलं हवं, आणि सोलताना मोडलं तर ते पुन्हा जोडून हवं. मास्टर कसलाही फाटका कपडा जोडायचा, पण केळं कसं जोडणार? मग ती जमिनीवर अंग टाकून द्यायची आणि असा काही टाहो फोडायची की खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई वर येऊन विचारायच्या, पडली का हो कुठे? त्यात खोलीभर टाचण्या, कात्री, तापलेली इस्त्री. डोळ्यांत तेल घालून पोरीवर लक्ष ठेवायचं आणि त्याच डोळ्यांनी सुईत दोरा ओवायचा.

जिन्याच्या पलीकडचं, मास्टरच्या दाराच्या अगदी समोरचं घर बरेच दिवस बंद होतं. मालक दूर कुठेतरी राहायचा. एकदा जेवणाच्या वेळी प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा मास्टरने त्या दाराकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, खाल्लं नाहीस तर समोरची आजी घेऊन जाईल. समोर आजी कोणी नव्हती. कधीच नव्हती. तोंडाला आलं ते बोलला. पण भिंगरीने डोळे मोठे केले आणि घास गिळला.

मग काय, रामबाण उपाय सापडला. मास्टरने ती आजी हळूहळू कापड बेतावं तशी बेतली. आधी तिला पांढरे केस दिले. मग कमरेत बाक दिला. मग हातात मोठी पिशवी दिली. कधीकधी तो गुडघ्याने मशीनच्या फळीवर खालून टकटक करायचा आणि दबक्या आवाजात म्हणायचा, ऐक, आली बघ. भिंगरी त्याच्या पायाला बिलगायची. त्याला तेव्हा हसू यायचं.

एका संध्याकाळी बायकोने ते ऐकलं. ती दमून आली होती, हात धूत होती. पाठमोरीच म्हणाली, “अहो, नसलेल्या माणसाच्या हवाली पोर करू नये.”

हवाली कुठे करतोय, नुसती भीती घालतोय, असं काहीतरी म्हणून त्याने वेळ मारून नेली.

आणि मग कोटांचा तो दिवस आला. ऊन असं तापलं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. सगळी इमारत निपचित पडलेली. मास्टर दूध तापवायला आत गेला, उतू जाऊ नये म्हणून क्षणभर उभा राहिला, आणि परत येऊन बघतो तर इस्त्री केलेल्या कोटांची थप्पी जमिनीवर, त्यावर भिंगरी बसलेली, आणि मशीनच्या तेलाची कुपी तिने कोटांवर सबंध ओतलेली. पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पसरत चालले होते.

तो ओरडला. ती “नको, नको” करत मागे सरली आणि हाताला लागेल ते फेकत सुटली. त्यात मोठी कात्री होती. कात्री त्याच्या पायाच्या घोट्यावर लागली.

त्याचं डोकंच फिरलं. त्याने पोरीला दंडाला धरून उचललं, दार उघडलं, जिन्याच्या पलीकडे नेऊन बंद दारासमोर उभं केलं आणि त्या दारावर स्वतः थाप मारली.

“आजी, घेऊन जा हिला. मला नको ही.”

आणि आत येऊन कडी लावली.

तिचं रडणं दारातून आत येत होतं. त्याने कोट नळाखाली धरले, साबण चोळला. मनात म्हणत होता, रडू दे थोडी, हा डाग निघाला की घेतो आत. डाग निघत नव्हता. आणि मग रडणं थांबलं. मुलं रडून दमतात तेव्हा ती हुंदके देत, नाक ओढत, हळूहळू ओसरतात. हे तसं नव्हतं. कात्रीने दोरा कापावा तसं थांबलं.

मास्टरने ओल्या हातांनी कडी काढली.

भिंगरी होती तिथेच होती, बंद दाराकडे तोंड करून. डोळे कोरडे. उजवा हात डोक्याच्या वर उचललेला आणि मूठ अर्धवट मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना लहान मूल हात उचलतं ना, अगदी तसा.

“चल आत,” तो म्हणाला.

“हो,” भिंगरी म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून त्याने त्याआधी ऐकला नव्हता. त्याला मात्र तेव्हा ते जाणवलं नाही. ती दूध प्यायली, सांगितल्याबरोबर आडवी झाली, डोळे मिटले. त्याने रॉकेल आणि खडूची पूड लावून डाग काढले, कोट वाळवले, इस्त्री केली, पोचते करून आला. आणि खरं सांगायचं तर, त्या रात्री तो कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

पुढचे काही दिवस घरात इतकी शांतता होती की मशीनचा आवाज मास्टरला नव्याने ऐकू येऊ लागला. जेव म्हटलं की भिंगरी जेवायची. बस म्हटलं की बसायची, आणि ऊठ म्हणेपर्यंत उठायची नाही. शेजारीणबाई म्हणाल्या, काय जादू केलीत हो, आमच्या नातवाला पाठवू का तुमच्याकडे शिकवणीला? मास्टर हसला. पण त्याच्या लक्षात येऊ लागलं होतं, की घरात चालताना तिचा तो उजवा हात वरच असतो.

बायकोच्याही ते लक्षात आलं. तिला वाटलं, खांदा दुखतोय. रजा टाकून ती डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला, काही नाही म्हणाले, या वयात मुलं कसले कसले खेळ काढतात. बायको घरी आली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिली. म्हणाली, “ही माझ्यावर रागावत का नाही? मी सकाळी जाते तेव्हा दारात लोळण घ्यायची. आता टाटा करते.”

त्या दुपारी काय झालं ते सांगायला मास्टरची जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, कोणाचा हात धरतेस गं? ती सरळपणे म्हणाली, आजीचा. समोर कोणी राहत नाही, बाबाने ती आजी खोटी खोटी केली होती, असं त्याने तिला परोपरीने सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हो.”

मग त्याने केळं सोललं, मुद्दाम मधोमध मोडलं आणि तिच्यापुढे धरलं. ती दोन्ही तुकडे खाऊ लागली. बटणांचा डबा उघडून दिला. फेक म्हणाला. तिने एक बटण फेकलं, त्याने सांगितलं होतं म्हणून, आणि मग जाऊन उचलून आणलं. मास्टर जमिनीवर तिच्यासमोर बसला.

“एकदा नको म्हण ना गं. एकदाच.”

“नको,” भिंगरी आज्ञाधारकपणे म्हणाली, आणि पुढचं काय म्हणायचं ते विचारल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.

इमारतीच्या वॉचमनकडे समोरच्या घराची किल्ली होती. पाणी गळतंय का बघायचंय, अशी थाप मारून मास्टरने घर उघडायला लावलं. वॉचमन म्हणाला, बघा हवं तर, इथे पालसुद्धा राहत नाही, खाणार काय? खरंच काही नव्हतं. उघड्या भिंती, बंद खिडक्या, जमिनीवर एकसारखी धूळ. फक्त बंद घराला येतो तसा कुबट वास तिथे येत नव्हता. आतल्या खोलीत वेगळाच वास होता... उबदार, दुधाचा, घामेजल्या जावळाचा. लहान मूल नुकतंच झोपून उठलेल्या खोलीला येतो तसा. वॉचमनला कसलाच वास आला नाही. त्याने कुलूप लावलं आणि तो जिना उतरून गेला.

पुढच्या दुपारी इमारत पुन्हा निपचित झाली तेव्हा मास्टर त्या दारापाशी गेला. बाहेरून कुलूप होतं. आत काही नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्याने दाराला तोंड लावलं.

“आजी... चुकलो मी. रागाच्या भरात बोललो. तिचं जे नेलं असेल ते परत द्या.”

मग दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला. त्याच्या छातीच्या उंचीवरून, कोणी कमरेत वाकून उभं असावं तसा. तो बाक त्यानेच दिला होता.

“तुझं काही नेलं नाही रे...”

“मग ती अशी का झाली?”

“तुला नको होतं ना... तेवढंच नेलं.”

आवाजात राग नव्हता. उलट माया होती.

“तेही माझंच होतं,” तो पुटपुटला. “मला हवंय ते...”

पलीकडून फक्त एक मंद, एकसारखा आवाज येऊ लागला. मूल मांडीवर घेऊन कोणी थोपटावं तसा. तो कितीतरी वेळ चालू राहिला, आणि मास्टर कुलपाला हात लावून तिथे उभा राहिला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. कोट, तेल, कात्री, आणि दारावर मारलेली थाप. वेड लागलंय असं ती म्हणेल, भांडेल, याची त्याने तयारी ठेवली होती. ती भांडली नाही. झोपलेल्या भिंगरीच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले.

“मला ती हवी होती हो,” ती म्हणाली. “सगळीच्या सगळी.”

नंतर त्यांनी ते घर सोडलं. दुसरीकडे राहायला गेले, मशीन दुसऱ्या खिडकीपाशी आलं, भिंगरी शाळेत जाऊ लागली. बाई तिचं कौतुक करायच्या, अशी गुणी मुलगी आम्ही पाहिली नाही. पण गुणी म्हणजे काय ते मास्टरला कळत होतं. कोणी रबर मागितला की ती रबर द्यायची, डबा मागितला की डबा. एकदा शाळा सुटून बराच वेळ झाला तरी ती आली नाही म्हणून तो शोधत गेला, तर ती मैदानाच्या मधोमध उन्हात उभी, ओठ सुकलेले, मान लाल झालेली. कुठल्याशा मुलीने खेळताखेळता तिला सांगितलं होतं, इथे थांब. ती मुलगी विसरून घरी गेली होती.

त्या दिवसापासून तो रोज तिला ‘नको’ शिकवतो. पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घेतो. कोणी खाऊ देऊन चल म्हटलं तर? नको. कोणी हात धरला तर? नको. ती बिनचूक म्हणते. आणि तेवढ्यात त्याने वही उघड म्हटलं की म्हणते, हो. मुलगी मोठी होईल, जगात जाईल, हजार माणसं हजार गोष्टी मागतील. मास्टर मशीनवर बसला की हाच विचार चाकासारखा फिरत राहतो. रस्त्यात एखादं पोर जमिनीवर लोळून थयथयाट करताना दिसलं की लोक नाकं मुरडतात. मास्टर मात्र थांबतो आणि भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा बघत राहतो.

परवा तो तिला शाळेत सोडायला गेला. फाटकाच्या थोडं अलीकडे थांबून तिला म्हणाला, आता तू एकटी जा. ती हो म्हणून निघाली. सकाळची गर्दी होती, फूटपाथ अरुंद. हात वर धरून चालणं तिने आता सोडलंय, उजवा हात नुसता अंगापासून थोडा दूर असतो. समोरून माणसं येत होती, कामावर जाणारी, घाईतली, तिला न ओळखणारी. एक बाई बाजूला सरली. मग एक पोऱ्या. मग दुधाच्या किटल्या घेतलेला माणूस, तो तर फूटपाथ सोडून पार रस्त्यावर उतरला. मास्टर बघत राहिला. एवढ्याशा मुलीला जायला वीतभर जागा पुरली असती. पण येणारा प्रत्येक जण, तिच्याकडे न बघता, दोघांना पुरेल एवढी वाट सोडत होता.